तिवईखालचा हात

मित्रांनो, आधी एक गंमत करू या. तुमच्या पुढ्यात एक मोठा पांढरा कागद आहे असं समजा. त्यावर ज्वारीचा एक दाणा ठेवा. आता तो बोटाने नखभर पुढे सरकवा आणि हात काढा. फोटो घ्या. पुन्हा नखभर सरकवा, हात काढा, फोटो घ्या. असे बारा फोटो झाले आणि ते भराभर एकामागून एक दाखवले, की तो दाणा एक सेकंदभर आपल्या आपण चालतो. दाण्याला पाय नसतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पण बघणाऱ्याला तुमचा हात दिसत नाही, म्हणून त्याला ते खरं वाटतं.

मी ज्या हाताची गोष्ट सांगणार आहे, तो एकदा काढायचा राहून गेला.

मी एक जुनी तिवई आहे. तीन पाय आणि डोक्यावर एक लोखंडी कडं, एवढाच माझा देह. भिंगारच्या बाजारामागे एका लोहाराने मला घडवलं. त्या दिवशी त्याला घरी जायची घाई असावी, कारण माझा एक पाय बोटभर आखूड राहिला. तशीच मी एसटीच्या टपावर बसून पाथर्डीकडे निघाले आणि गर्भगिरीच्या पायथ्याशी टाकळवाडीच्या शाळेत आले. व्हरांड्यात माझ्या डोक्यावर पाण्याचा माठ ठेवला गेला. आखूड पायाखाली कौलाचा तुकडा सारला, की मी सरळ उभी राहायची. "तिवईवरचं पाणी कसं गार लागतं," असं मुलं म्हणायची. गार करायचं काम माठाचं होतं, पण कौतुक ऐकायला मलाही आवडायचं.

एक गोष्ट मात्र मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. एका उन्हाळ्यात कौलाचा तो तुकडा झिजून फुटला. माझा पाय खचला आणि माठ कलंडून फुटला. त्या वेळी पुंजाराम नावाचा मुलगा नुकताच पाणी पिऊन मागे वळला होता. सगळे म्हणाले, त्यानेच फोडला. त्याला दोन छड्या बसल्या. "म्या न्हाई फोडला," एवढंच तो म्हणाला. पुढे नवा माठ आला, पण शाळा सोडेपर्यंत पुंजाराम माझ्यापाशी पाणी प्यायला आला नाही. घरून बाटली आणायचा आणि माझ्याकडे न बघता पुढे जायचा. दोष माझा होता. पण लोखंडाला तोंड नसतं.

पुढे शाळेला नळाची टाकी मिळाली. माझी जागा खिचडीच्या शेडमागे झाली. खिचडी शिजवणाऱ्या लंकाबाईंची कोंबडी माझ्या कड्यात बसून अंडी घालू लागली. मी गंजले. मला वाटलं, आता भंगारवाला येईल तेव्हाच मी गाव पाहीन.

पण भंगारवाल्याआधी जया आली.

जया म्हणजे त्याच पुंजारामची मुलगी, सातवीतली. पुंजाराम आता मोठा झाला होता. दर वर्षी दिवाळीनंतर तो बायकोमुलांना घेऊन संगमनेरच्या बाजूला ऊस तोडायला जायचा. जयाची अर्धी शाळा त्यातच बुडायची. त्या वर्षी गर्जे सरांनी मुलांना सांगितलं होतं, "आपण आपला एक सिनेमा करू. हलत्या चित्रांचा, पन्नास सेकंदांचा. दिवाळीनंतर तालुक्याला प्रदर्शन आहे. गोष्ट तुमची पाहिजे."

गोष्ट जयाने दिली. ती म्हणाली, "सर, आमी ऊस तोडायला जातो तवा शाळा हितंच ऱ्हाती. एकदा शाळाच आमच्या गाडीमागं आली तर?"

वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'गाडीमागून शाळा निघाली'.

मग सामान जमलं. गाडी आगकाड्यांची, बैल चिंचोक्यांचे, माणसं ज्वारीच्या दाण्यांची. तुरीच्या डाळीची चौकोनी शाळा केली आणि तिला चाकं म्हणून सदऱ्याची दोन बटणं लावली. हे सगळं कागदावर मांडायचं, म्हणजे मोबाईल वरून खाली बघणारा हवा. तो कशावर ठेवायचा, यावर दोन दिवस खल झाला. शेवटी जया शेडमागे गेली आणि कोंबडीला हुसकून मला घेऊन आली. "सर, हिच्या कड्यावर दोन फूटपट्ट्या आडव्या टाकू. त्यावर मोबाईल. त्यो कड्यातनं खाली बघंल."

लंकाबाई मागून ओरडत आल्या, "अगं ए, माझी कोंबडी आता काय तुझ्या डोक्यावर अंडी घालीन व्हय?"

अशी मी पुन्हा शाळेत आले. कोपऱ्यातल्या खोलीत, संगणकाशेजारी, खिडकीपुढे. माझ्या तिन्ही पायांभोवती सरांनी खडूने गोल काढले. आखूड पायाखाली लाकडाची चकती बसवली. सर म्हणाले, "ही केसभर हलली, तर सगळं चित्र उडी मारेल. हिला कुणी हात लावायचा नाही."

मित्रांनो, त्यानंतरचे तीन आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते. माझ्या पायांत जया आणि तिची मैत्रीण पंकजा गुडघे टेकून बसायच्या. दाणे सरकवायचं काम जयाचं. तिचा हात फार हलका. आजीबरोबर धान्य निवडून निवडून तो तसा झाला होता. फोटो घ्यायचं काम पंकजाचं. मोबाईलला धक्का लागू नये म्हणून त्याला गाणी ऐकायची वायर जोडली होती आणि तिच्यावरचं बटण दाबलं की फोटो निघायचा. समर्थ नावाचा मुलगा वहीत आकडा मांडायचा. बटण दाबण्याआधी पंकजाने विचारायचं, "हात?" आणि जयाने सांगायचं, "काढला!" मगच फोटो. दिवसभर त्या खोलीतून तेवढंच ऐकू यायचं. हात? काढला! हात? काढला! एकदा लंकाबाई खिडकीतून डोकावून म्हणाल्या, "काय गं, सारखा हात काढायला खरूज झाली का कुनाला?"

सर एका संध्याकाळी पुंजारामच्या घरीही जाऊन आले. जयानेच ते पंकजाला सांगितलं. सर म्हणाले होते, "जयाला या वर्षी आजीपाशी ठेवा. तिच्यावाचून हे काम अडेल आणि तिची शाळाही बुडणार नाही." जयाची आजी मालनबाई तयारच होती. बबड्याला, म्हणजे जयाच्या दोन वर्षांच्या भावाला, फडात कोण सांभाळणार, एवढाच प्रश्न होता. पुंजाराम शेवटी म्हणाला होता, "सरांचं काम हाय म्हनता, तर ऱ्हाऊ दे पोरगी. बघू आमचं आमी."

हे सांगताना जयाचा चेहरा असा फुलला होता की मला माझा गंज विसरायला झालं.

पंकजाच्या घरी विहीर होती, बागाईत होती. तिला गाव सोडून कुठे जायचं नव्हतं. ती वाईट मुलगी नव्हती, हे आधीच सांगते. पण येणारा जाणारा प्रत्येक जण विचारायचा, "जया, कसं गं चालवतेस दाणे?" बटण कसं दाबतेस, असं पंकजाला कुणी विचारलं नाही. एकदा ती म्हणाली, "जये, एक दिवस मला सरकवू दे की." जया म्हणाली, "आता शेवट आलाय. हात बदलला तर चाल बदलंल. पुढच्या सिनेमाला तू." जयाचं चुकलं नव्हतं. पण पंकजाच्या मनात ते रुतून बसलं.

बुधवारी मधली सुट्टी झाली. शेवटचं दृश्य मांडलेलं होतं. शाळा उसाच्या फडाजवळ पोहोचते आणि ज्वारीचे दाणे धावत तिच्याकडे येतात. सुट्टीत खोली राखायचं काम जयाचं असे. भाकरी ती दारातच बसून खायची. त्या दिवशी घरात बांधाबांध चालली होती, म्हणून आईने बबड्याला तिच्याबरोबर पाठवलं होतं. त्याला तहान लागली. जयाने त्याला व्हरांड्यात बसवलं आणि ती भांडं घेऊन टाकीकडे गेली.

तेवढ्यात पंकजा आत आली.

ती माझ्याशेजारी गुडघे टेकून बसली. डाळीची शाळा तिने बोटाने हळूच पुढे ढकलली. छान सरकली. तिला हसू आलं. दुसऱ्या हातात वायरचं बटण होतं, ते तिने दाबलं. पण समोर "हात?" विचारायला कुणी नव्हतं. विचारणारी तीच, आणि ती तर दाणे सरकवण्यात गुंग. पहिला हात कागदावरच राहिला. फोटो निघाला. तिला ते कळलंही नाही.

पुन्हा एकदा सरकवायला ती वाकली आणि तिचा गुडघा माझ्या आखूड पायाला लागला. चकती निसटली. मी सावरायचा प्रयत्न केला, देवाशपथ केला. पण खचले ती खचलेच. मोबाईल पंकजाने वरच्यावर धरला. मात्र माझा पाय कागदावर फरपटला आणि बैल, गाडी, शाळा, माणसं सगळी विस्कटली. एक चिंचोका घरंगळत दाराबाहेर गेला. पंकजाने मला उभं केलं, मोबाईल जागेवर ठेवला आणि मागच्या दाराने ती पळाली.

जया परत आली तेव्हा बबड्या तो चिंचोका चोखत बसला होता.

सर आले, मुलं जमली. सगळ्यांनी कागद पाहिला, मग बबड्याच्या मुठीकडे पाहिलं. जयाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती स्वतःच म्हणाली, "सर, बबड्यानंच केलं असंल. मी पानी आनाया गेल्ते. माझंच चुकलं."

पंकजा मागे उभी होती. तिचे ओठ हलले. मला वाटलं, आता बोलेल. ती बोललीसुद्धा, "सर, तिवईच डुगडुगती. तिचा पाय आखूड हाय."

खरं सांगू? मला बरंच वाटलं. पुंजारामच्या वेळी जो दोष मी घ्यायला हवा होता, तो या वेळी तरी माझ्या नावावर पडावा. पण सर वाकले आणि त्यांनी खडूचा गोल पाहिला. "पाय नुसता खचलेला नाही. तिवई उचलून भलतीकडे ठेवली आहे." जयानेच ती घाईत परत उभी केली, असं त्यांनी धरलं. प्रदर्शन आठ दिवसांवर आलं होतं. सरांचा आवाज चढला. "जया, घरचं आणि हे, दोन्ही तुला जमणार नाही. आता काही दिवस राहू दे तू. पुढचं पंकजा करेल."

जया बबड्याला काखेत घेऊन निघून गेली. फाटकापाशी तिने त्याच्या पाठीत दोन रपाटे घातल्याचा आवाज खिडकीतून माझ्यापर्यंत आला. त्याचं रडणं दूरपर्यंत ऐकू येत राहिलं.

गुरुवारी आणि शुक्रवारी दाणे पंकजाने सरकवले. बटण समर्थ दाबायचा. "हात?" तो विचारायचा. पंकजा "काढला" म्हणायची, पण इतकं हळू की त्याला दोनदा विचारावं लागे. दाणे अडखळत चालले. खिचडीचं ताट तिने तसंच परत केलं. लंकाबाई म्हणाल्या, "का गं, खडा लागला काय?" पंकजा मानेनेच नाही म्हणाली. एकदा खोलीत कुणी नसताना ती माझ्यापाशी आली आणि माझा आखूड पाय तिने हातात धरला. "तू कुनाला सांगशील का गं?" असं तिने मला विचारलं.

मी काय सांगणार? पण मित्रांनो, कुणी पाहिलं नाही याची खात्री जिला एका तिवईकडून करून घ्यावी लागते, तिची झोप उडालेली असते. आणि त्या दोन दिवसांत मीही गप्प उभी होते. माझ्या पायाखाली एकदा बाप भरडला होता, आता लेक भरडत होती.

शनिवारी सकाळची शाळा होती. सरांनी मोबाईलमधले सगळे फोटो संगणकात घातले आणि पंकजाला बसवलं. "एकेक फोटो नीट बघ. अंधारा असेल, हललेला असेल, कुणाचा हात आला असेल, तो काढून टाक. मी पाचवीचा वर्ग बघून येतो."

पंकजा फोटो बघू लागली. गाडी निघाली. बैल चालले. शाळेची बटणं फिरली. खिडकीबाहेर, फाटकासमोरच्या लिंबाखाली, ट्रॅक्टरचा आवाज झाला. तिने मान वर केली. मीही पाहिलं. ट्रॉलीत गोणपाटं, पातेली, पेटी, कोयते चढत होते. पुंजाराम दोर आवळत होता. टोळी सोमवारी जाणार होती, ती दोन दिवस आधीच निघाली होती. आणि ट्रॉलीत, गादीच्या वळकटीवर, बबड्याला मांडीवर घेऊन जया बसली होती.

पंकजा उठून खिडकीशी गेली. समर्थ बाहेर उभा होता. तिने विचारलं, "जया का बसलीय त्यात? ती तर ऱ्हानार हुती ना?"

समर्थ म्हणाला, "तिचा बाप म्हनला, सरांनी कामावरनं काढलं, मंग हितं कशाला ऱ्हायाचं? बबड्याला तर बघंल."

पंकजा परत येऊन खुर्चीवर बसली. तिने पुढचा फोटो उघडला आणि ती थिजली. कागदावर डाळीची शाळा होती आणि शाळेवर एक हात. मनगटात काळा दोरा, दोऱ्यात निळा मणी. अख्ख्या शाळेत तसा दोरा एकीच्याच हातात होता.

तिने दार पाहिलं. खोलीत तिच्याशिवाय मीच होते. फोटो काढून टाकायचं तर तिला सरांनीच सांगितलं होतं. हात आला असेल, तो काढून टाक. एक बोट दाबलं की संपलं. सिनेमा स्वच्छ झाला असता, त्यात कुणाचाही हात दिसला नसता आणि बघणाऱ्यांना सगळं खरं वाटलं असतं. तिचं बोट बटणावर गेलं.

मित्रांनो, मी गंजकं लोखंड. माझी काळजी घ्या, मला रंग लावा, असं मी तुमच्याकडे मागणार नाही. आखूड पायाखाली कुणी चकती सरकवली की माझं भागतं. पण मुकी वस्तू बोलत नाही म्हणून कुणी दुसऱ्याचा दोष सहन करत असेल, तर तेवढं मात्र होऊ देऊ नका. मला तोंड नाही. तुम्हाला आहे.

बाहेर ट्रॅक्टर सुरू झाला.

पंकजाने बोट उचललं. फोटो तसाच ठेवून ती पाचवीच्या वर्गाकडे धावली आणि सरांचा सदरा धरून त्यांना ओढतच घेऊन आली. पडद्यावरच्या हाताशेजारी तिने आपला हात धरला. सरांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा मनगटाकडे. ते हळूच खुर्चीत बसले. "तिवई कुणी उचलून ठेवली, हे मी तरी जयाला कुठे विचारलं," असं ते स्वतःशीच म्हणाले. मान वर केली तोवर पंकजा खोलीत नव्हती.

मी खिडकीतून पाहिलं. ती फाटक ओलांडून ट्रॉलीपाशी पोहोचली आणि टाचा उंचावून ओरडली, "जये, बबड्यानं न्हाई सांडलं! मी सांडलं! मला दाणे सरकवायचं हुतं. माझा गुडघा लागला. फोटूत हात आलाय माझा!"

ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केलं. जयाने बबड्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी मारलं की गं ह्याला." एवढंच. आणि बबड्याचं डोकं छातीशी धरून ती रडू लागली.

पुंजाराम दोर हातात धरून उभा होता. त्याने पंकजाकडे पाहिलं, मग शाळेकडे. खिडकीत त्याला मी दिसले असेन. "ती तिवई अजून हाय व्हय?" तो म्हणाला. मग म्हणाला, "माठ म्या फोडला नव्हता, पोरी. पन तुज्यावानी सांगाया कुनी आलं न्हाई."

सर धापा टाकत पोहोचले. त्यांनी पुंजारामपुढे हात जोडले. "माझं चुकलं. जयाला खाली उतरू द्या."

पुंजारामने मान हलवली. "उतरंल वो सर. पन ह्या बारक्याचं काय? दोघं उसात, ह्याला बांधावर कोन बघनार?"

ट्रॉलीच्या मागे उभी असलेली मालनबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे माझ्यापाशी. दिसभर मी बघते. पन पान्याला, सरपणाला गेल्यावर माझ्याच्यानं ह्याच्यामागं पळवत न्हाई."

जया कधी आजीकडे बघत होती, कधी बापाकडे.

तेव्हा पंकजा ट्रॉलीच्या अगदी जवळ गेली. तिने काळ्या दोऱ्याचा तो हात वर केला, मग दुसरा. "माझ्याकडं द्या," ती म्हणाली. "शाळा सुटली की रोज मी येते, आजी. पानी मी आनीन, ह्यालाबी मीच बघीन."

आणि दोन्ही हात तसेच वर धरून, बबड्या खाली येईपर्यंत ती उभी राहिली.